बेचाळीस धावा आणि एक पोस्टकार्ड

अण्णांच्या वह्या मी त्यांच्या माघारी उघडल्या. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांनी हयात काढली. ऐकलेल्या प्रत्येक कसोटीचा धावफलक शंभर पानी वहीत उतरवून ठेवायचा, हा त्यांचा एकमेव षौक. त्यातल्या एका पानावर अजित वाडेकरांच्या निधनाच्या बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं. वाडेकर गेले १५ ऑगस्ट २०१८ रोजी, पण पान होतं २४ जून १९७४ चं. वही हाताळताना जुना डिंक सुटला, कात्रण उचललं गेलं आणि खाली शाईने लिहिलेला एक मजकूर दिसला. तो एका पोस्टकार्डाचा कच्चा खर्डा होता.

'श्री. वाडेकर यांस, देशाची अब्रू आपण लॉर्ड्सवर टांगलीत. आता कृपा करून घरी बसावे.' खाली सही नव्हती.

हे कार्ड पोस्टात पडलं की नाही, ते मला कळलेलं नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "टाकलं का नाही ते त्यांनाच ठाऊक. पण त्या रात्री जेवले नव्हते एवढं आठवतंय." मी तेव्हा चार वर्षांचा होतो. त्याच वहीत तीन वर्षं मागे गेलो, तर २४ ऑगस्ट १९७१ च्या पानावर लाल शाईने लिहिलं होतं, 'ओव्हल जिंकले. पेढे वाटले. वाडेकर धन्य.'

एकाच माणसाला तीन वर्षांत पेढे आणि पोस्टकार्ड. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली आणि वाचनाचा नाद सार्वजनिक वाचनालयात बसून भागवला. पण हा खर्डा वाचल्यावर मनात प्रश्न राहिला, की ते कार्ड न्याय्य होतं का? हरण्याचा दोष कर्णधाराच्या माथी नेमका किती मारायचा? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा माझ्यापुरता हिशोब.

आधी घडलं काय ते पाहू. १९७४ च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडमध्ये तीन कसोटी खेळला आणि तिन्ही हरला. जूनमध्ये मँचेस्टरला ११३ धावांनी, मग लॉर्ड्सला एक डाव आणि २८५ धावांनी, जुलैत बर्मिंगहॅमला एक डाव आणि ७८ धावांनी. यातली लॉर्ड्सची कसोटी लोकांच्या मनातून गेली नाही. इंग्लंडने ६२९ धावा केल्या. अमिस १८८, कर्णधार डेनिस ११८, ग्रेग १०६. भारताने पहिल्या डावात ३०२ काढल्या, इंजिनियर ८६ आणि विश्वनाथ ५२. फॉलोऑन मिळाला. शनिवारी संध्याकाळी बिनबाद २, रविवारी सुट्टी आणि सोमवारी सगळा डाव १७ षटकांत ४२ धावांवर संपला. दोन आकडी धावसंख्या एकट्या एकनाथ सोलकरची, नाबाद १८. ओल्डने २१ धावांत ५ आणि अर्नोल्डने १९ धावांत ४ बळी घेतले. चंद्रशेखर जखमी असल्याने फलंदाजीला आलाच नाही. वाडेकरांच्या धावा ३.

आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. अण्णांच्या वहीत त्या दिवशीचं अक्षर आधी नीट आहे आणि सातव्या बळीनंतर बिघडलं आहे.

लोकांनी दोष कुणाला दिला, हे सांगायला नकोच. १९७१ च्या विजयांची आठवण म्हणून इंदूरला सिमेंटची एक भव्य बॅट उभारली होती. १९७४ मध्ये चिडलेल्या लोकांनी तीच विद्रूप केली. दौऱ्यात लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तांच्या मेजवानीला संघ उशिरा पोचला आणि त्याला दारातून परत जावं लागलं, त्याचीही चर्चा झाली. संघात दुही असल्याच्या बातम्या आल्या. परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळलं गेलं आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली. वय होतं ३३. लागोपाठ तीन मालिका जिंकून देणारा कर्णधार एका उन्हाळ्यात क्रिकेटबाहेर गेला.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कारखान्यात मालाचा एखादा लॉट ग्राहकाकडून परत आला, की पहिला प्रश्न विचारला जातो, "मशीनवर कोण होतं?" नाव मिळालं की सगळ्यांना हायसं वाटतं. पण गुणवत्तेचं काम शिकवणारे लोक सांगतात, की नाव शेवटी विचारा. आधी चार गोष्टी तपासा. माल कसा आला होता, यंत्राची आणि हवेची स्थिती काय होती, पद्धत काय ठरली होती आणि मग माणूस. लॉर्ड्सचा लॉट मी याच क्रमाने तपासला.

पहिला माल, म्हणजे हाताशी असलेला संघ. भारताकडे नवा चेंडू टाकणारे होते आबिद अली, सोलकर आणि याच मालिकेत पदार्पण केलेला मदनलाल. तिघेही कामसू मध्यमगती गोलंदाज, पण इंग्लंडच्या ओल्या खेळपट्टीवर सलामीच्या जोडीला हादरवेल असा वेग एकाकडेही नव्हता. हे दुखणं वाडेकरांनी आणलेलं नव्हतं. आपल्या संथ खेळपट्ट्यांवर अनेक वर्षं फिरकीच जिंकून देत होती, त्यामुळे वेगवान गोलंदाज घडवण्याची गरज कुणाला भासली नाही. त्याची दुसरी बाजू अशी, की देशांतर्गत सामन्यांत आपल्या फलंदाजांना खरा वेग आणि स्विंग खेळायला मिळतच नव्हता. १९७१ च्या यशात मोठा वाटा असलेले दिलीप सरदेसाई तोवर निवृत्त झाले होते. लॉर्ड्सवर चंद्रशेखरचा अंगठा दुखावला आणि तो थोडीच षटकं टाकू शकला. बेदींनी ६ बळी घेतले, पण त्यासाठी २२६ धावा मोजल्या.

दुसरं यंत्र, म्हणजे हवामान आणि वेळापत्रक. याकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्या काळी इंग्लंडमध्ये एका उन्हाळ्यात दोन पाहुणे संघ येत. १९७१ मध्ये पहिला अर्धा उन्हाळा पाकिस्तानचा होता आणि दुसरा भारताचा. आपल्या कसोट्या जुलैच्या अखेरीस सुरू होऊन ऑगस्टच्या अखेरीस संपल्या. ओव्हलला चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, ते उन्हाळ्याच्या शेवटी वापरून झिजलेल्या खेळपट्टीवर. १९७४ मध्ये क्रम उलटला. भारत आधी, पाकिस्तान नंतर. आपण जूनमध्ये गारठ्यात, ढगाळ हवेत, हिरव्या खेळपट्टीवर उभे राहिलो. फिरकी गोलंदाजांची बोटं गार आणि समोर ओल्डचा चेंडू हवेत वळणारा. हा क्रम कर्णधार ठरवत नाही. तो दोन देशांची मंडळं ठरवतात.

तिसरी पद्धत. इथे मात्र वाडेकरांच्या खात्यावर काही लिहावंच लागतं. गोलंदाज कधी बदलायचा, क्षेत्ररक्षक कुठे उभा करायचा, पराभवानंतर संघाचं मन कसं सावरायचं, ही कर्णधाराची कामं. बर्मिंगहॅमला इंग्लंडचे दोनच गडी बाद झाले, ४५९ वर त्यांनी डाव सोडला, लॉइड नाबाद २१४. लॉर्ड्सचा धक्का संघाने झटकला नव्हता, हे त्यावरून दिसतं. संघात खरंच दुही असेल, तर ती मिटवण्याची जबाबदारीही पहिल्यांदा कर्णधाराची.

चौथा माणूस. वाडेकरांना त्या मालिकेत एक अर्धशतकही करता आलं नाही. तिसऱ्या क्रमांकावर येणाऱ्या डावऱ्या फलंदाजाकडून संघाची ती रास्त अपेक्षा होती. पण ४२ च्या डावात गावसकर ५, इंजिनियर ०, विश्वनाथ ५, ब्रिजेश पटेल १. यातल्या गावसकरांनी मँचेस्टरच्या गारठ्यात १०१ आणि ५८ केल्या होत्या, इंजिनियरने त्याच लॉर्ड्सवर दोन दिवस आधी ८६. म्हणजे हे नालायक फलंदाज नव्हते. त्या सकाळी जवळजवळ प्रत्येक चांगला चेंडू बळी घेऊन गेला. अशी एखादी सकाळ येते.

दोषाची टक्केवारी मी काढणार नाही. ती काढणारा माणूस स्वतःला फसवतो. पण चार खात्यांपैकी दोन, म्हणजे माल आणि यंत्र, बव्हंशी वाडेकरांच्या हाताबाहेर होती. तिसरं त्यांचं होतं. चौथं अकरा जणांत वाटून द्यावं लागतं.

इथे अण्णा असते तर म्हणाले असते, "मग एकाहत्तरचं श्रेय तरी त्यांना कशाला?" प्रश्न बरोबर आहे. हीच तपासणी विजयालाही लावली पाहिजे.

१९७१ मध्ये पतौडींच्या जागी वाडेकर कर्णधार झाले, ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं, तर ही कहाणीच नव्हती. वेस्ट इंडीजमध्ये गावसकरांनी पहिल्याच मालिकेत ७७४ धावा केल्या, सरदेसाईंनी ६४२. पोर्ट ऑफ स्पेनच्या विजयात सोबर्स आणि लॉइडचे मोलाचे बळी सलीम दुराणींनी घेतले. इंग्लंडमध्ये लॉर्ड्सला पाऊस आला तेव्हा आपल्याला ३८ धावा हव्या होत्या आणि दोन गडी शिल्लक होते. तिथे पावसाने कुणाला वाचवलं, हे सांगणं कठीण. पण मँचेस्टरला ४२० चा पाठलाग करताना आपण ३ बाद ६५ होतो आणि शेवटचा दिवस पावसात वाहून गेला. तिथे पावसाने आपल्याला वाचवलं, यात शंका नाही. ती कसोटी हरलो असतो, तर ओव्हल जिंकूनही मालिका जिंकली नसती. ओव्हलच्या शेवटच्या सकाळी वाडेकर स्वतः एकही धाव न वाढवता ४५ वर धावबाद झाले. उरलेलं काम सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनियर आणि आबिद अलींनी केलं.

तरीही श्रेय वाडेकरांचं आहेच. किंग्स्टनला पहिला दिवस पावसात गेल्याने फॉलोऑनसाठी दीडशेची आघाडी पुरेशी ठरते, हे त्यांनी ओळखलं आणि सोबर्सच्या संघाला फॉलोऑन दिला. ओव्हलला चंद्रशेखरच्या हाती चेंडू ठेवून जवळ झेल टिपणारे उभे केले. हे निर्णय त्यांचे. पण विजयात नियम वेगळा आणि पराभवात वेगळा, असं करून चालत नाही. एका पावसाचं श्रेय कर्णधाराला द्यायचं असेल, तर दुसऱ्या पावसाचं अपश्रेयही देता येईल. नाहीतर दोन्ही पाऊस पावसाच्या नावावर लिहावेत.

हा प्रकार १९७४ मध्ये पहिल्यांदा घडला असंही नाही, आणि त्यात नाशिकचा एक धागा आहे. ७ जून १९५२, हेडिंग्ले. भारताचा दुसरा डाव सुरू झाला आणि धावफलकावर शून्य धावा, चार बाद असे आकडे लागले. बाद झालेले चौघे म्हणजे पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर. यातले माधव मंत्री १९२१ मध्ये नाशिकला जन्मले. गावसकरांचे ते मामा. कर्णधार होते सांगलीचे विजय हजारे. त्यांनीच त्या डावात ५६ धावा करून संघाला उभं केलं. पुढे मँचेस्टरला संघ एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२. मालिका ३-० अशी गेली.

हजारेंवर टीका झाली. पण याच हजारेंच्या नेतृत्वाखाली चारच महिने आधी, फेब्रुवारी १९५२ मध्ये, मद्रासला भारताने आपली पहिली कसोटी जिंकली होती. त्या विजयात १२ बळी घेणारे विनू मांकड हेडिंग्लेला खेळलेच नाहीत. लँकेशायर लीगमधल्या क्लबशी त्यांचा करार होता, त्यांना संघातल्या जागेची हमी हवी होती आणि मंडळाने ती दिली नाही. दुसऱ्या कसोटीला बोलावल्यावर लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि ५ बळी घेतले. हजारेंच्या हातात मांकड नव्हते, हा हजारेंचा दोष कसा?

नाशिकचेच दुसरे कसोटीपटू बापू नाडकर्णी. १९६४ मध्ये मद्रासला त्यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटकं टाकली. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी एकही नाही. आमच्या चौकात यावरून वाद व्हायचे. एक म्हणायचा, "बळी नाही तर उपयोग काय?" दुसरा म्हणायचा, "अहो, दुसऱ्या टोकाचा बळी बापूंमुळेच पडतो." एका माणसाचा आकडा संघाच्या आकड्यातून वेगळा काढणं किती अवघड असतं, ते या वादातून मला लहानपणीच कळायला हवं होतं.

एकच डोकं शोधण्याची खोड आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या नावापुढे संघाचे जय-पराजय मांडले जातात. जणू बाकीचे मैदानात नव्हतेच. मग हरल्यावर त्याला किती दोष द्यायचा, यावर तिथले चाहते आठवडाभर भांडतात. १९५० मध्ये विश्वचषकाच्या शेवटच्या सामन्यात ब्राझील उरुग्वेकडून २-१ असा हरला. गोलरक्षक बार्बोसाला त्या एका गोलाची सावली सन २००० मध्ये मरेपर्यंत सुटली नाही.

आणि आपण मराठी माणसं तर पानिपतापासून हेच करतो आहोत. १४ जानेवारी १७६१ चा दोष भाऊसाहेबांचा, की रणातून निघालेल्या मल्हाररावांचा, की गोल मोडून पुढे धावलेल्या विंचूरकरांचा? नाशिक जिल्ह्यात तर हा घरचा वाद. चांदवड होळकरांचं, विंचूर विंचूरकरांचं आणि भाऊंनी दिल्लीच्या रखवालीला ठेवलेल्या नारोशंकरांची घंटा आजही गोदाकाठी आहे. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना भाऊंचा निवाडा रसद, पैसा आणि मित्रांची साथ यांसकट केला. माणूस शेवटी विचारायचा, हे ते कारखान्यात न जाता जाणत होते.

१९७४ नंतरची नोंदही पूर्ण करतो. वाडेकर गेल्यावर पतौडी परत आले. वेस्ट इंडीजविरुद्धची मायदेशातली मालिका भारत ३-२ असा हरला. ज्या डेनिसने लॉर्ड्सवर शतक ठोकून आपल्याला नामोहरम केलं, त्याने सहाच महिन्यांनी ऑस्ट्रेलियात धावा होत नाहीत म्हणून सिडनी कसोटीतून स्वतःलाच वगळलं. इंग्लंड ती मालिका ४-१ हरला आणि १९७५ च्या उन्हाळ्यात त्याचंही कर्णधारपद गेलं. जूनमधला थोर कर्णधार जानेवारीत संघाबाहेर. मधल्या काळात त्याची अक्कल गेली नव्हती. समोर लिली आणि थॉमसन आले होते.

वाडेकर पुढे १९९० च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणून परतले आणि त्या संघाने मायदेशात मालिकांमागून मालिका जिंकल्या. ४२ चा नीचांक मात्र त्यांच्या हयातीत मोडला नाही. तो १९ डिसेंबर २०२० ला अॅडलेडला मोडला, ३६ धावा. अण्णा तेव्हा होते. टीव्हीसमोर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "चला, बेचाळीसला सोडलं एकदाचं." कोहली रजेवर मायदेशी परतला, संगमनेर तालुक्यातल्या अजिंक्य रहाणेने संघ हाती घेतला आणि महिन्याभरात मालिका २-१ अशी जिंकली. ३६ वरून कुणी त्या संघाची किंमत ठरवली असती, तर तो महिन्याभरात तोंडघशी पडला असता. १९७४ ला तशी संधी मिळाली नाही. पुढच्या कसोटीत बर्मिंगहॅमलाही पाऊस-गारठा तोच होता आणि नंतर वाडेकरांना खेळवलंच नाही.

एक खाजगी गोष्ट सांगून थांबतो. १९९९ मध्ये मी काम करत होतो त्या कारखान्यातला एक मोठा लॉट परत आला. कच्च्या मालातच खोट होती, हे पुढे सिद्ध झालं. पण ते होईतो ठपक्याच्या पत्रात एकट्या माझं नाव होतं. दोन महिने मी घरी कुणाशी धड बोललो नाही. एका संध्याकाळी अण्णा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "एका डावावरून माणूस ठरवू नये. मी एकदा ठरवला होता." कोणाबद्दल बोलताय, असं मी विचारलं नाही. माझ्याच दुःखात होतो.

आता वाटतं, तो माणूस कोण ते मला वहीत सापडलं. खात्री नाही देता येत. एवढंच दिसतं, की २०१८ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, अण्णांनी वही काढली, नेमकं तेच पान शोधलं आणि तो मजकूर खोडला नाही की फाडला नाही. त्यावर वाडेकरांचा फोटो असलेली बातमी चिकटवली.

कात्रण मी पुन्हा होतं तिथे लावलं आहे. त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीने वाडेकरांच्या कर्णधारपदाचा पूर्ण हिशोब लिहून ठेवला, कारण अण्णांच्या वहीत तो एका जागी कुठेच नव्हता. कसोटी १६. जिंकल्या ४, हरल्या ४, अनिर्णित ८.